गात्या घरांतील लेक

वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवाहून आलेलें एक पत्र गेले पंधरा दिवस आमच्या मेजावर आहे. पत्र एका वृद्ध गृहिणीचें. अक्षर थोडें थरथरतें, परंतु ओळी सरळ. कोठें खाडाखोड नाहीं. त्यांच्या संमतीनें त्यांतील मजकूर आम्ही येथें देत आहों. नांवें मात्र गाळलीं आहेत, कारण प्रश्न त्यांच्या एकट्यांच्या घरचा नाहीं.

घर तीन भावांचें, एकत्र. सासरे कीर्तनकार होते, यजमान पेटी वाजवीत, थोरले चिरंजीव आजही तबल्यावर बसतात. एकादशीचें भजन, गणपतींतल्या आरत्या, कोजागरीची बैठक हें या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें. अशा घरांत वाढलेली नात, धाकट्या चिरंजिवांची कन्या, बोलूं लागण्यापूर्वींच सुरांत रडूं लागली, असें आजीबाई कौतुकानें लिहितात. आतां ती एकवीस वर्षांची आहे; पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाली आहे. कॉलेजांत असतांना तिनें एका संगीत नाटकांत काम केलें, आणि सुटींत घरीं येऊन, जेवणें उरकल्यावर, सर्वांसमक्ष शांतपणें सांगितलें कीं, मला गायिका नव्हे, नटी व्हावयाचें आहे.

आजीबाई पुढें लिहितात : “मुलगी गाते म्हणून आलेल्या-गेलेल्यांपुढें आम्हीच तिला हौसेनें गावयास बसवितों. मग ती ‘नाटकांत जातें’ म्हणाली तेव्हां घरांत सुतक पडल्यासारखी शांतता कां पसरली? थोरला म्हणतो, गाणें कितीही शिकूं द्या, पण रंगभूमि नको. त्याचें म्हणणें मला खोडतां येत नाहीं आणि पटतही नाहीं. तुम्ही काय तें सांगा.”

थोरल्यांवर अन्याय होऊं नये म्हणून त्यांची बाजूही आजीबाईंनीं प्रामाणिकपणें मांडली आहे. ते जुन्या वळणाचे हट्टी गृहस्थ नाहींत. त्यांचे आक्षेप दोनच आहेत. एक, नाटकावर पोट भरत नाहीं. आणि दुसरा, रात्रीअपरात्रीचा प्रवास, परक्या माणसांचा सहवास, आणि पुढें लग्नाची गोष्ट निघाली कीं लोकांचीं तोंडें. हे आक्षेप आजच्याही घराघरांत बोलले जातात, आणि मुलीच्या काळजीपोटींच बोलले जातात. त्यांना हंसण्यावारी नेणें आम्हांला उचित वाटत नाहीं.

तथापि एक गोष्ट प्रथम लक्षांत घ्यावी. गाणें पवित्र आणि नाटक अपवित्र ही वाटणी आपल्या घरांतून आज जितकी स्वाभाविक वाटते तितकी ती जुनी नाहीं, आणि वऱ्हाडच्या भूमींतली तर मुळींच नाहीं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या राजशेखर कवीनें आपल्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत एक सुंदर रूपक रचलें आहे. त्यांत काव्यपुरुष रुसून देशोदेशीं भटकतो, साहित्यविद्या ही वधू त्याची मनधरणी करीत मागोमाग जाते; देशपरत्वें तिचे वेष, नृत्यें आणि बोलणें बदलत जातें; आणि अखेर त्यांचें लग्न लागतें तें विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत. याच राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’ ही नाटिका त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून रंगभूमीवर आली, असें तिच्या प्रस्तावनेंतच सांगितलें आहे. काव्य, वेष, नृत्य आणि वाणी यांचा विवाह ज्या गांवीं लागला असें एका थोर कवीस वाटलें, त्या गांवच्या आसपासच्या घरांत एका मुलीनें गाण्याला अभिनयाची जोड मागितली, तर तिनें कांहीं परमुलखांतलें मागितलें असें म्हणवत नाहीं.

आतां आपल्या मराठी रंगभूमीकडे वळूं. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें. १८८० सालीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें. पाठोपाठ १८८२ सालीं ‘सौभद्र’ आलें. या सर्व नाटकांतील नायिका पुरुषांनीं वठविल्या. ‘सौभद्रां’तील पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर. पुढें नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनीं स्त्रीभूमिकेस असें कांहीं रूप दिलें कीं, घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची नेसण आणि अंबाड्यांतील फुलें पाहून तशीं घेऊं लागल्या. आपल्या घरांतील दोन पिढ्यांनीं हें नाटकवेड मनःपूत भोगलें. आपल्या आज्या-पणज्या पदें पाठ म्हणत. पुरुषमंडळी तिकिटासाठीं रांगा लावीत. परंतु त्या सुभद्रेच्या जागीं आपल्या घरांतील एखादी मुलगी उभी राहील, ही कल्पना कोणास सोसत नव्हती. बाईचें सुख-दुःख पुरुषाच्या तोंडून ऐकतांना आपण डोळे पुसले. बाईनें तें स्वतः बोलावें म्हणतांच डोळे वटारले. ही विसंगति आपलीच होती, हें आज कबूल करण्यास हरकत नसावी.

स्त्रिया रंगभूमीवर नव्हत्याच असें मात्र नव्हे. बेळगांवकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा केवळ बायकांच्या नाटकमंडळ्या होत्या. त्यांत पुरुषांचीं कामेंही बायकाच करीत. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या १९१३ सालच्या चित्रपटांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनीं काम केलें. कमलाबाईंनीं पुढें रंगभूमीवरही नांव मिळविलें. परंतु प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या प्रेक्षकांसमोर, स्त्रीनें स्त्रीची आणि पुरुषानें पुरुषाची भूमिका करावयाची, ही साधी गोष्ट रुजविण्यास एक गातें घरच पुढें यावें लागलें. त्या घराची हकीकत आसेगांवच्या घरास सांगण्यासारखी आहे, म्हणून ती जरा विस्तारानें देतों.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ हे बडोद्याच्या दरबारीं गवई होते. तेथील सरदार माने यांच्या घराण्यांतील ताराबाई त्यांच्याजवळ गाणें शिकूं लागल्या, आणि अखेर दोघांनीं बडोदें सोडलें. जात, धर्म आणि दर्जा या तिन्हीं भिंती ओलांडून झालेला हा संसार मिरजेस आणि पुढें पुण्यास नांदला. पांच मुलें झालीं. १९०५ सालीं मिरजेस जन्मलेली मुलगी चंपाकली. तिला घरांत चंपूताई म्हणत. पहांटेपासून रात्रीपर्यंत घरांत शिष्यांचे तंबोरे. मुलांना सूर वेगळा शिकवावा लागला नाहीं. परंतु घर सुरांत असलें म्हणजे संसारही सुरांत असतोच असें नाहीं. १९२२ सालीं ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. मुलांचीं नांवें बदललीं, आडनांव आईच्या माहेरचें झालें. थोरले अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई झाली. गुलाब कमलाबाई झाली. धाकटी सकीना, जिला छोटूताई म्हणत, ती सरस्वती झाली. हिराबाईंचें वय त्या वेळीं सतरा.

ताराबाईंच्या त्या दिवसांचा विचार आमच्या वाचकभगिनींनीं क्षणभर करावा. पांच मुलें पदरांत, पाठीशीं ना माहेर ना सासर, आणि जवळ धन म्हणावें तर मुलांचे गळे. या बाईनें तें धन लपवून ठेवलें नाहीं आणि मिळेल त्या भावानें विकलेंही नाहीं. हिराबाईंना सुरेशबाबूंची तालीम मिळाली, किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. विलंबित आलापीचा तो कठीण अभ्यास पक्का झाल्यावर मुलगी लोकांपुढें बसली. आणि बसली तीही कशी? नजर खालीं, हातवारे नाहींत, नखरा नाहीं. पुरुष गवई जसा ख्याल मांडतो तसा ख्याल मांडणारी. तिकीट लावून स्त्रीच्या गाण्याचा जाहीर जलसा करण्याचा पायंडा महाराष्ट्रांत ज्यांनीं पाडला त्यांत हिराबाईंचें नांव अग्रभागीं आहे. श्रीमंताच्या दिवाणखान्यांत, निमंत्रितांपुढें गाणें ही तोंवर गाणारणीची जागा होती. जाहीर तिकिटानें ती जागा बदलली. समोरचा मनुष्य यजमान राहिला नाहीं, श्रोता झाला. तेथें कुटुंबासह येऊन बसण्यास कोणास संकोच वाटेना.

मग १९२९ सालीं या कुटुंबानें दुसरें पाऊल टाकलें. त्यांच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. भाऊ-बहिणी एकत्र, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच करावयाच्या हा दंडक. ‘सौभद्र’ झालें, त्यांत हिराबाई सुभद्रा झाल्या. ‘साध्वी मीराबाई’ झालें, त्यांत त्या मीरा झाल्या. येथें एक योगायोग वऱ्हाडच्या वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अब्दुल करीम खाँ यांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर हेही स्त्रीभूमिका करीत आणि सुभद्रेचें काम करीत. त्यांना ‘सवाई गंधर्व’ ही पदवी देणारे रसिक म्हणजे अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. म्हणजे गुरूच्या शिष्यानें सुभद्रा होऊन वऱ्हाडच्या रसिकाकडून पदवी मिळविली, आणि त्याच गुरूच्या लेकीनें तीच सुभद्रा स्वतःच्या बाईपणानें उभी केली. पदें तींच, चाली त्याच. फरक इतकाच कीं, आतां पदराआड पुरुष नव्हता.

या हकीकतीचा शेवट गोड आहे असें सांगतां आलें असतें तर आमचें काम सोपें झालें असतें. पण तो तसा नाहीं. नाट्यशाखा थोडींच वर्षें चालली. नाटकमंडळी म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. पडदे, कपडे, साजिंदे, पगारी नट, आचारी, रेल्वेचें भाडें, थिएटराचें भाडें. खेळ रंगो वा पडो, खर्च रोजचाच. त्यांत १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि चार आण्यांत गाणारें-बोलणारें चित्र गांवोगांव दिसूं लागलें. मोठमोठ्या मंडळ्या जेथें खचल्या तेथें या घरगुती मंडळीचा काय पाड? मंडळी बंद पडली, कर्ज मात्र राहिलें. तें कर्ज हिराबाईंनीं गावोगांव जलसे करून, गाऊन फेडलें.

थोरल्या चिरंजिवांना येथें ‘पाहा, मी म्हणत होतों तेंच!’ असें म्हणण्याचा मोह होईल. त्यांनीं म्हणावें, कारण निम्मी गोष्ट खरी आहे. परंतु उरलेली निम्मीही त्यांनीं ऐकावी. कर्ज झालें तें नटी झाल्यामुळें नव्हे, मंडळीची मालकी पत्करल्यामुळें. आणि कर्ज फिटलें तें कशानें? ज्या विद्येवर रंगभूमि उभी होती त्या गाण्यानें. नाटकापूर्वीं दहा वर्षें गळा कमावलेला होता म्हणून नाटक बुडालें तरी नटी बुडाली नाहीं. पुढें त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९७० सालीं भारत सरकारनें ‘पद्मभूषण’ दिलें. धाकट्या सरस्वतीबाई राणे यांनीं ‘रामराज्य’ या १९४३ सालच्या बोलपटासाठीं पार्श्वगायन केलें आणि पुढें ख्यालगायनांत स्वतःचें स्थान मिळविलें. हिराबाई १९८९ सालीं निवर्तल्या, तेव्हां त्यांच्या शिष्यशाखेंत प्रभाताई अत्रे यांच्यासारख्या गायिका तयार झाल्या होत्या. आणि प्रभाताईंनींही आरंभीं कांहीं काळ संगीत नाटकांत भूमिका केल्या होत्या. गाणें आणि रंगभूमि यांचें दार दोन्हीं बाजूंनीं उघडें असतें, याची याहून चांगली साक्ष कोणती?

एका घराच्या गोष्टीनें समाधान न झाल्यास दुसरीं दोन पाहावीं. गोव्यांतील बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर या मुलीच्या थोरल्या भगिनी गिरिजाबाई गायिका. बहिणीच्या मागोमाग दुर्गा मुंबईस आली, गाणें शिकली, आणि केशवराव भोळे यांच्याशीं विवाह होऊन ज्योत्स्ना भोळे झाली. केशवराव मूळचे अमरावतीचे, म्हणजे आसेगांवकरांच्या शेजारचेच. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनें १ जुलै १९३३ रोजीं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलें, त्यांत ज्योत्स्नाबाईंनीं काम केलें, संगीत केशवरावांचें. पुरुषानें स्त्रीवेष घेण्याची प्रथा येथून झपाट्यानें मावळत गेली. पुढें १९४२ सालीं मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’मध्यें त्या नायिका झाल्या. सुशिक्षित घरची सून नटी होते, तिचें काय होतें, हाच त्या नाटकाचा विषय. आणि तो पाहण्यास घरोघरच्या सासू-सुना एकत्र गेल्या. नटीच्या मागें तिच्या घरचा पुरुष खंबीर उभा असला म्हणजे लोकांचीं तोंडें किती लवकर बंद होतात, हें केशवरावांवरून शिकावें.

दुसरें घर शिलेदारांचें. इंदूरच्या प्रमिला जाधव, वडील नारायणराव जाधव रंगभूमीशीं संबंधित. त्या लहानपणींच गाणें आणि अभिनय शिकल्या आणि जयराम शिलेदार यांच्याशीं विवाह होऊन जयमालाबाई झाल्या. संगीत नाटकाचे दिवस संपले असें सर्व जण म्हणत असतां, १९४९ सालीं या दांपत्यानें ‘मराठी रंगभूमि’ ही संस्था काढली. त्यांच्या मुली त्याच वातावरणांत वाढल्या. कन्या कीर्ति शिलेदार यांनीं बालपणापासून रंगभूमीवर काम केलें. २०१८ सालीं मुलुंड येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२२ सालीं निवर्तेपर्यंत संगीत नाटकाशीं त्यांचें नातें तुटलें नाहीं. आई-वडिलांनीं दिलेली इस्टेट मुलगी सासरीं नेते किंवा विकून टाकते; ही इस्टेट कीर्तिबाईंनीं आयुष्यभर वापरली आणि पुढच्यांस वाटली.

या तीन घरांकडे एकत्र पाहतां आम्हांला असें दिसतें कीं, गात्या घरांतून रंगभूमीकडे जाणारी वाट मुलगी एकटीच काढीत नाहीं. तिची अर्धी वाट घरानेंच घातलेली असते. लहानपणीं पाहुण्यांपुढें उभी करून ‘म्हण गं एखादें पद’ असें म्हणणारे आपणच. कीर्तनांत आजोबा कधीं द्रौपदी होतात, कधीं दुर्योधन; एका उपरण्याच्या फेकींत सभा उभी करतात; तें मांडीवर बसून पाहणारी नात अभिनय शिकत नाहीं तर काय शिकते? नारदाच्या गादीवर उभा राहून नाट्य करणारा पणजोबा ज्या घरांत पूज्य आहे, त्या घरांत पणती रंगभूमीवर उभी राहिली तर घराण्याचा धर्म मोडला असें कोणत्या तोंडानें म्हणावें? मुलीनें वाट सोडली नाहीं, ती घरच्याच वाटेनें दोन पावलें पुढें गेली, असा आमचा निर्वाळा आहे.

परंतु निर्वाळा देऊन मोकळें होणें हें आमच्या मतें कर्तव्याचें टाळणें होईल. थोरल्यांचे दोन्हीं आक्षेप उत्तर मागतात.

पहिला पोटापाण्याचा. मुलीनें प्रथम शिक्षण घ्यावें. पूर्वीं नटी होण्यास मंडळींत भरती होण्यावांचून मार्ग नव्हता. आज तसें नाहीं. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचें नाट्यशिक्षण आहे, दिल्लीस १९५९ सालापासून राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. तेथें प्रवेशासाठीं परीक्षा असते, ती द्यावी. घरच्यांना जें मुलीचें वेड वाटतें तें गुण आहे कीं नुसती हौस, याची पहिली पारख तेथें होईल, आणि ती पारख करणारा काकाही नसेल व आजीही नसेल. तोंवर राज्य नाट्यस्पर्धेंत काम करीत राहावें. त्यांत संगीत नाटकांची स्वतंत्र स्पर्धा असते. आणि गळ्याचा रियाज एक दिवसही सोडूं नये. हिराबाईंचें उदाहरण आम्हीं याचसाठीं दिलें. जिच्या हातीं गाणें आहे तिला नाटक नसेल त्या महिन्यांत शिकवण्या आहेत, मैफली आहेत, ध्वनिमुद्रण आहे. नुसत्या चेहऱ्यावर विसंबणाऱ्या मुलीपेक्षां तिचा पाया रुंद असतो.

आणि विदर्भांत नाटकावर कोणी जगत नाहीं, हा समज तर अगदींच चुकीचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील झाडीपट्टीची रंगभूमि पाहावी. दिवाळी झाली, धान घरांत आलें, कीं गांवोगांव रात्र-रात्र नाटकें चालतात; देसाईगंज-वडसा हें त्या व्यवसायाचें मुख्य ठाणें. त्या नाटकांत गाणें लागतें, पल्लेदार आवाज लागतो, आणि अनेक स्त्रियांचे संसार त्या कामावर चालले आहेत. आसेगांवाहून पुण्या-मुंबईकडे पाहतांना मान पूर्वेकडेही एकदां वळवावी.

मात्र एक अट आम्ही कळकळीनें सांगतों. मुलीनें नटी व्हावें, मंडळीची मालकीण होण्याची घाई करूं नये. तिच्या शिक्षणासाठीं घरानें पैसा घालावा. परंतु नाटक उभें करण्यासाठीं शेत गहाण टाकूं नये, बायकांच्या अंगावरचे डाग मोडूं नयेत. ज्यांच्यापाशीं हिराबाईंचा गळा होता त्यांनाही तें ओझें जड झालें.

दुसरा आक्षेप सहवासाचा आणि लोकांच्या तोंडाचा. त्यास उत्तर घरांतच आहे. ताराबाई मुलींच्या पाठीशीं होत्या, केशवराव पत्नीच्या पाठीशीं होते, शिलेदारांचें तर अवघें घरच रंगभूमीवर होतें. मुलगी कोणत्या संस्थेंत जाते, तालमी कोठें होतात, दौऱ्यावर उतरण्याची व्यवस्था काय, सोबतीस बायका किती, हें विचारण्याचा घरास हक्क आहे. विचारावें, स्वतः जाऊन पाहावें. संस्था चांगली असेल तर ती या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. आणि जी रागावेल ती मुलीस योग्य नाहीं, हें आपोआप कळेल. पण विचारणें निराळें आणि अडविणें निराळें. जिच्या घरचें दार पाठीमागें लागलें तिलाच बाहेरचा मनुष्य एकटी समजतो. लग्नाविषयीं म्हणाल, तर जें स्थळ मुलीच्या विद्येनें बिचकतें तें आधींच निघून गेलेलें बरें.

थोरल्यांस आणखी एक विनंति. त्यांनीं ‘सौभद्र’ पुन्हां एकदां पाहावें. पण या खेपेस गाण्यासाठीं नव्हे, कथेसाठीं. तें नाटक एका एकत्र कुटुंबाचेंच आहे. थोरला भाऊ बलराम. मनानें निर्मळ, बहिणीवर जीव, पण शब्द दिला कीं दिला. बहिणीला काय हवें हें तिला विचारण्याचें त्याच्या ध्यानींच येत नाहीं. धाकटा श्रीकृष्ण भावाचा मान मोडीत नाहीं आणि बहिणीचें मनही मोडीत नाहीं. हळूहळू गोष्ट घडवून आणतो. शेवटीं बलराम रागावतो, समजतो, आणि आशीर्वाद देतो. गेलीं सव्वाशेंहून अधिक वर्षें आपण त्या प्रवेशाला टाळ्या देत आलों आहों. ज्या घरानें ‘सौभद्र’ पाठ केलें त्या घरानें त्याचा अर्थही कधींतरी घरीं आणावा. राग येणें हें बलरामास शोभतें. पण त्याची भूमिका रागावर संपत नाहीं, हें तबल्यावर बसणाऱ्या रसिकास आम्हीं काय सांगावें?

आतां आजीबाईंविषयीं. त्यांच्या पत्राच्या शेवटीं, सही झाल्यावर, समासांत एक ओळ बारीक अक्षरांत लिहिली आहे. ती वगळावी कीं द्यावी, याचा आम्हीं बराच विचार केला, आणि त्यांना पुन्हां विचारूनच देत आहों. त्या लिहितात : “लहानपणीं नागपूरच्या रेडिओवर ऐकून सुभद्रेचीं सगळीं पदें मला येत असत. लग्न झाल्यावर जात्यापाशीं मनांतल्या मनांत म्हणत असें. या घरांत पेटी होती, तबला होता, पण तुला येतें का, असें मला कोणी विचारलें नाहीं, आणि मीही सांगितलें नाहीं.”

आजीबाई, आपण आम्हांला विचारलें कीं ती शांतता कां पसरली. त्या शांततेंत आपलीही एक शांतता जुनी मिसळलेली होती, असें आम्हांला वाटतें. नातीनें जें मोठ्यानें म्हटलें तें या घरांत पूर्वीं कोणी हळू आवाजांतसुद्धां म्हटलें नव्हतें. पण कोणाच्याच मनांत नव्हतें असें कोण म्हणेल? तेव्हां आमचा सल्ला एवढाच आहे. थोरल्यांशीं वाद घालूं नका. येत्या कोजागरीस बैठक बसेल, थोरले तबला लावतील, नात तंबोरा घेईल, तेव्हां आपण पुढें बसा आणि त्यांतलें एक पद म्हणा. आवाज थरथरला तरी चालेल. थोरल्यांचा ठेका चुकणार नाहीं याची आम्हांला खात्री आहे. आणि जी गोष्ट आम्ही इतकी पानें लिहून सांगितली ती त्यांना त्या एका पदानें अधिक चांगली कळेल.

पुढें काय झालें तें मात्र कळविण्यास विसरूं नये. नातीचा पहिला प्रयोग ठरला कीं तारीख कळवावी. आम्ही तिकीट काढूनच येऊं.